बेंजामिन फ्रँकलिन व त्याचें मृत्युपत्र

मनुष्य जगांतून जातांना बरोबर कांहीं नेत नाहीं, ही गोष्ट लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु आपण मागें काय ठेवणार व तें कोणाच्या उपयोगीं पडणार, याचा वेळींच विचार करणारे लोक थोडे. कित्येक गृहस्थ आयुष्यभर कष्ट करून संपत्ति मिळवितात, पण तिची कांहीं एक व्यवस्था न लावतां निघून जातात. आणि मग त्यांच्या पाठीमागें भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत बसतात. याच्या उलट कांहीं थोर पुरुष असे होऊन गेले कीं, ते वारल्यावरही त्यांचा देणारा हात थांबला नाहीं. अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन हा अशांपैकीं एक होय. पतंग उडवून आकाशांतील विजेची परीक्षा करणारा पुरुष म्हणून त्याचें नांव आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पण ज्या कागदावर त्यानें आपली शेवटची इच्छा लिहून ठेविली, त्या कागदाची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. ती पतंगाच्या गोष्टीइतकीच चित्तवेधक आहे, आणि ती पुरी होण्यास दोनशें वर्षें लागलीं.

फ्रँकलिन याचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजीं बॉस्टन शहरीं झाला. त्या काळीं अमेरिकेचा पूर्वकिनारा इंग्रजांच्या अमलाखालीं होता. त्याचे वडील जोसाया हे इंग्लंडांतून येऊन तेथें स्थायिक झालेले असून, चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकण्याचा त्यांचा धंदा होता. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनीं दुसरें लग्न केलें, आणि दोन्ही बायकांपासून मिळून त्यांस सतरा मुलें झालीं. त्यांत बेंजामिन हा मुलग्यांमध्यें शेंडेफळ. या मुलास धर्मोपदेशक करावें अशा हेतूनें वडिलांनीं त्यास आठव्या वर्षीं शाळेंत घातलें; परंतु एवढ्या मोठ्या कुटुंबांत तो खर्च झेपेना. सारी मिळून दोनच वर्षें त्याला शाळा लाभली. दहाव्या वर्षीं तो वडिलांच्या दुकानांत वाती कापूं लागला व सांच्यांत चरबी ओतूं लागला. ज्या शाळेंतून आपणांस इतक्या लवकर बाहेर पडावें लागलें, त्या शाळेची आठवण त्यानें चौऱ्यायशीं वर्षांच्या आयुष्यांत कधींही सोडली नाहीं, हें पुढें दिसून येईल.

मेणबत्त्यांच्या धंद्यांत मुलाचें मन रमेना, म्हणून बाराव्या वर्षीं वडिलांनीं त्याला त्याचा थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून ठेविलें. खिळे जुळवितां जुळवितां त्याला वाचनाची गोडी लागली. पण पुस्तकें विकत घेण्यास पैसा कोठून आणावा? तेव्हां त्यानें एक युक्ति काढली. त्या सुमारास त्यानें मांसाहार सोडला होता. माझ्या जेवणासाठीं तूं जो खर्च करतोस त्याच्या निम्मे पैसे माझ्या हातीं दे, मी माझें जेवण माझें पाहून घेईन, असें त्यानें भावास सांगितलें. भावानें तें आनंदानें कबूल केलें. मग भाकरीचा तुकडा, मूठभर मनुका व पाणी एवढ्यावर भागवून त्या निम्म्यांतूनही हा मुलगा निम्मे पैसे वांचवी व त्यांचीं पुस्तकें घेई. छापखान्यांतील इतर मंडळी जेवावयास गेली म्हणजे तो एकटाच वाचीत बसे.

जेम्स स्वभावानें तापट होता व धाकट्या भावावर हात टाकण्यासही मागेंपुढें पाहत नसे. अखेरीस १७२३ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, बेंजामिन बॉस्टन सोडून पळाला व कांहीं जहाजानें, कांहीं पायीं असा प्रवास करीत फिलाडेल्फिया येथें येऊन पोंचला. अंगावरचे कपडे मळलेले, खिशांत एक डॉलर व थोडीं तांब्याचीं नाणीं; गांवांत ओळखीचें माणूस एकही नाहीं. त्यानें तीन पेनीच्या भाकरी मागितल्या, तेव्हां त्याच्या पदरांत तीन मोठमोठ्या भाकरी पडल्या. दोन कांखेंत धरून व तिसरी खात खात तो रस्त्यानें चालला. एका भाकरीनें पोट भरतांच उरलेल्या दोन्ही त्यानें आपल्याच होडींतून आलेल्या एका बाईला व तिच्या लेंकराला देऊन टाकल्या. उद्यां आपण काय खाणार याचा त्याला पत्ता नव्हता. पुढें लाखांच्या गोष्टी येणार आहेत. पण फ्रँकलिनच्या दानाचा हिशेब मांडावयाचा झाल्यास त्याची पहिली ओळ या दोन भाकरींनींच लिहावी लागेल.

फिलाडेल्फियांत एका छापखान्यांत त्यास काम मिळालें. त्याची हुशारी पाहून तेथील गव्हर्नर कीथ यानें, तुला स्वतंत्र छापखाना काढून देतों, लंडनला जाऊन सामान आण, तुला पतपत्रें देतों, असें गोड वचन दिलें. १७२४ सालीं फ्रँकलिन लंडनला जाऊन उतरला, आणि पाहतो तों त्याच्या नांवाचें एकही पत्र जहाजावर नव्हतें! परमुलखांत फसलेला तो तरुण रडत बसला नाहीं. लंडनच्या छापखान्यांतून सुमारें दीड वर्ष मजुरी करून १७२६ सालीं तो परत आला. मोठ्या माणसाचें पोकळ वचन काय असतें हें त्यानें त्या वयांत पाहिलें. खऱ्या मदतीची किंमत त्याला पुढें कळली ती यामुळेंच.

ती खरी मदत अशी. लंडनहून परतल्यावर कांहीं वर्षांनीं फ्रँकलिननें मेरिडिथ नांवाच्या सोबत्याबरोबर भागीनें छापखाना घातला. भांडवल मेरिडिथच्या वडिलांनीं द्यावयाचें होतें. परंतु त्यांच्यानें अर्धीच रक्कम भरवली, आणि सामान देणाऱ्या व्यापाऱ्यानें उरलेल्या शंभर पौंडांसाठीं फिर्याद ठोकली. छापखान्याचा लिलाव होण्याची वेळ आली. अशा संकटांत विल्यम कोलमन व रॉबर्ट ग्रेस हे त्याचे दोन मित्र, एकमेकांस न कळवितां व फ्रँकलिननें न मागतां, निरनिराळे त्याच्याकडे आले आणि लागेल ती सारी रक्कम देण्यास तयार झाले. मेरिडिथनें आपण होऊन भाग सोडला. फ्रँकलिननें, एकाचें मन दुखवूं नये म्हणून, दोघांपासून निम्मी निम्मी रक्कम कर्जाऊ घेतली व छापखाना वांचविला. या कर्जाची फेड त्यानें पुढें केलीच; पण उपकाराची फेड मात्र त्याच्या मतें बाकीच राहिली. ती त्यानें कशी केली हाच या चरित्राचा खरा विषय आहे.

यापुढें त्याची भरभराट झाली. १७३० सालीं त्यानें डेबोरा रीड हिच्याशीं संसार थाटला. त्याचें वर्तमानपत्र चांगलें चालूं लागलें, आणि १७३२ पासून त्यानें काढलेलें गरीब रिचर्डचें पंचांग घरोघर वाचलें जाऊं लागलें. पण पैसा येऊं लागतांच तो घरांत कोंडून बसला नाहीं. स्वतः अर्धपोटीं राहून पुस्तकें घेतलेला तो मुलगा त्याच्या मनांत जागा होता. १७३१ सालीं त्यानें पन्नास वर्गणीदार जमवून, प्रत्येकीं आरंभीं चाळीस शिलिंग व पुढें दरसाल दहा शिलिंग अशा वर्गणीवर एक पुस्तकालय स्थापन केलें. एकट्यास जें विकत घेतां येत नाहीं तें पन्नासांनीं मिळून घ्यावें, हें त्यांतलें तत्त्व होतें. १७३६ सालीं आग विझविणाऱ्यांचें मंडळ निघालें. पुढें एक विद्यालय निघालें; त्यांतूनच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ वाढीस लागलें.

रुग्णालयाची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डॉक्टर टॉमस बाँड यांस गोरगरिबांसाठीं एक रुग्णालय काढावयाचें होतें. पण वर्गणी जमेना. फ्रँकलिननें कायदेमंडळाकडे मदत मागितली, तेव्हां खेड्यापाड्यांतील सभासद म्हणाले कीं, याचा लाभ शहरालाच होणार, आणि लोकही वर्गणी देणार नाहींत. फ्रँकलिननें तोड सुचविली: लोकांनीं आधीं दोन हजार पौंड जमवावे, तसें घडलें तरच सरकारनें दोन हजार पौंड द्यावे. एवढी रक्कम जमणें शक्य नाहीं असें मानून सभासदांनीं ठरावास संमति दिली. एक पैही न देतां औदार्याचें श्रेय मिळतें असें त्यांस वाटलें. इकडे फ्रँकलिननें लोकांस समजाविलें कीं, प्रत्येकाचा एक पौंड आतां दोन पौंडांचें काम करील. वर्गणी भराभर जमली व १७५१ सालीं रुग्णालयाची स्थापना झाली.

दान करतांनाही तो हिशेबी होता; परंतु त्याच्या हिशेबालाही एकदां हार खावी लागली. व्हाइटफील्ड नांवाचे प्रख्यात धर्मोपदेशक जॉर्जिया प्रांतांत अनाथाश्रम बांधण्यासाठीं वर्गणी गोळा करीत होते. जॉर्जियांत ना सामान ना कारागीर. तेव्हां आश्रम फिलाडेल्फियांत बांधून मुलांसच इकडे आणावें, असें फ्रँकलिनचें मत होतें. तें व्हाइटफील्ड यांनीं मानलें नाहीं, म्हणून कांहीं द्यावयाचें नाहीं असा निश्चय करून तो त्यांचें प्रवचन ऐकावयास गेला. खिशांत तांब्याचीं, रुप्याचीं व सोन्याचीं अशीं नाणीं होतीं. प्रवचन रंगूं लागलें तशीं तांब्याचीं नाणीं द्यावीं असें त्याच्या मनांत आलें. आणखी थोड्या वेळानें तांबें देण्याची लाज वाटून रुपें द्यावें असें वाटलें. आणि शेवटीं थाळी पुढें आली तेव्हां सोन्यासकट सारा खिसा त्यानें तींत रिकामा केला. ही फजिती त्यानें स्वतःच पुढें आपल्या आत्मचरित्रांत मोकळ्या मनानें सांगितली आहे.

त्यानें खोली ऊबदार ठेवणारी, लांकूड कमी जाळणारी एक शेगडी शोधून काढली. तिच्या विक्रीचा एकट्याचा हक्क सरकार त्याला देत असतां त्यानें तो नाकारला; दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण फुकट घेतों, तर आपला शोधही लोकांस फुकट द्यावा, असें त्याचें म्हणणें होतें. १७४८ सालीं, बेचाळीसाव्या वर्षीं, पुरेसा पैसा सांठला असें पाहून तो धंद्यांतून बाजूस झाला. १७५२ सालचा पतंगाचा प्रयोग व घरांचें रक्षण करणारा वीजवाहक हीं या निवृत्तीचीं फळें. या वीजवाहकाबद्दलही त्यानें कोणाकडून मोबदला घेतला नाहीं.

पुढील तीस वर्षें राजकारणांत गेलीं. लंडनमध्यें तो वसाहतींचा वकील होता. १७७६ सालीं स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही पडली. सत्तरीच्या वयांत फ्रान्सला जाऊन त्यानें १७७८ चा तह घडवून आणला, आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहावरही सही केली. पण या यशाला एक जखम होती. त्याचा मुलगा विल्यम, ज्यानें पतंगाच्या प्रयोगांत त्याला साहाय्य केलें होतें, तो इंग्रजांतर्फें न्यू जर्सीचा गव्हर्नर असून युद्धांत राजाच्या पक्षास चिकटून राहिला. बापलेकांत जी फूट पडली ती शेवटपर्यंत बुजली नाहीं. त्याच्या जीवनांत आणखी एक डाग होता, आणि तो झांकून ठेवणें योग्य नव्हे. तरुणपणीं त्याच्या घरीं गुलाम होते, व त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयांत मात्र त्याचें मन पालटलें. १७८७ सालीं तो गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या मंडळीचा अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारींत, मृत्यूस दोनच महिने उरले असतां, त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढें गेला.

फ्रान्सहून १७८५ सालीं परत आल्यावर तो तीन वर्षें पेनसिल्व्हेनिया संस्थानाचा अध्यक्ष होता. १७ जुलै १७८८ रोजीं त्यानें आपलें मृत्युपत्र केलें. त्यांत त्याच्या साऱ्या आयुष्याचा ताळेबंद आहे. संपत्तीचा मोठा भाग मुलगी सारा व जांवई रिचर्ड बेश यांस मिळाला. परंतु जांवयाचें कर्ज माफ करतांना, त्यानें आपल्या बॉब नांवाच्या गुलामास ताबडतोब मुक्त करावें अशी इच्छा त्यांत नमूद केली. फ्रान्सच्या राजाची चारशें आठ हिऱ्यांनीं मढविलेली तसबीर मुलीला दिली, पण ते हिरे काढून स्वतःसाठीं वा मुलींसाठीं दागिने करूं नयेत, असेंही लिहिलें. विधवा बहीण जेन हिला बॉस्टनमधील घर व दरसाल पन्नास पौंड. जॉर्ज वॉशिंग्टन यांस सोन्याच्या मुठीची आपली काठी. मुलगा विल्यम याला मात्र नोव्हा स्कोशियांतील कांहीं जमीन, व जीं पुस्तकें आणि कागद त्याच्याजवळ आधींच होते तेवढेच. येथें थोर पुरुषाचें मनही मोकळें झालें नाहीं, हें वाचून वाईट वाटतें. गांवोगांवच्या लोकांकडून येणें असलेलीं जुनीं कर्जें त्यानें फिलाडेल्फियाच्या रुग्णालयास देऊन टाकलीं. आणि ज्या बॉस्टनच्या मोफत शाळेंत त्याला थोडा काळ शिकावयास मिळालें होतें, त्या शहराच्या शाळांस शंभर पौंड दिले. त्यांच्या व्याजांतून हुशार विद्यार्थ्यांस रुप्याचीं पदकें देण्यांत येऊं लागलीं.

वर्षभरानें, २३ जून १७८९ रोजीं, त्यानें मृत्युपत्रास एक पुरवणी जोडली. लोकसत्ताक राज्यांत अधिकाराची जागा ही कमाईची जागा असूं नये, असें त्याचें फार दिवसांचें मत होतें; म्हणून अध्यक्षपदाचा पगार सार्वजनिक कामीं लावण्याचा त्याचा संकल्प होता. त्या पैशांतून दोन हजार पौंड एका नदींतून होड्या चालाव्या म्हणून खर्चावे असें आधीं ठरलें होतें. आतां त्यानें तो बेत फिरविला. साठ वर्षांपूर्वींचे दोन मित्र त्याला आठवले. त्यांच्या कर्जानेंच आपला संसार उभा राहिला. तर मेल्यावरही आपण दुसऱ्या तरुणांस तसेंच उभें करावें, असें त्यानें लिहून ठेविलें. एका फ्रेंच गृहस्थानें पूर्वीं गरीब रिचर्डच्या नांवानें एक विनोदी लेख लिहिला होता; त्यांत रिचर्ड लहानशा रकमा शतकानुशतकें व्याजावर ठेवून मोठमोठीं लोककार्यें करतो, अशी कल्पना होती. फ्रँकलिननें ती थट्टा खरी करावयाचें ठरविलें.

त्याची योजना अशी होती. बॉस्टन व फिलाडेल्फिया या दोन शहरांस प्रत्येकीं एक हजार पौंड. त्यांतून पंचवीस वर्षांखालील, विवाहित, त्याच शहरांत उमेदवारी पुरी केलेल्या व सद्‌वर्तनी कारागिरांस पंधरापासून साठ पौंडांपर्यंत कर्ज द्यावें. दोन प्रतिष्ठित नागरिकांनीं त्यांस जामीन राहावें. व्याज दरसाल शेंकडा पांच. आणि मुद्दलाचा दहावा भाग व्याजासह दरवर्षीं परत करावा, म्हणजे तोच पैसा फिरून दुसऱ्या तरुणाच्या हातीं जाईल. बॉस्टनचा कारभार नगराच्या पंचांबरोबर तेथील तीन जुन्या चर्चांच्या धर्मोपदेशकांनीं पाहावा. या कामाबद्दल कोणीही मोबदला घेऊं नये.

विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घेऊन बसावें. हजार पौंडांचे शेंकडा पांच दरानें वर्षाअखेर हजार पन्नास होतात. दुसऱ्या वर्षीं व्याजावरही व्याज मिळून अकराशें अडीच. सुमारें चौदा वर्षांत रक्कम जवळजवळ दुप्पट होते. आणि शंभर वर्षांनीं ती एक लक्ष एकतीस हजारांच्या वर जाते. थेंबें थेंबें तळें सांचे तें असें. शंभर वर्षें झालीं म्हणजे एक लक्ष पौंड शहराच्या उपयोगीं कामांत खर्चावे, व एकतीस हजार पुन्हां शंभर वर्षें फिरत ठेवावे, असें त्यानें सांगितलें. त्यांचे चाळीस लक्ष एकसष्ट हजार होतील असा त्याचा हिशेब होता.

१७ एप्रिल १७९० रोजीं फ्रँकलिन मरण पावला. त्याच्या प्रेतयात्रेस सुमारें वीस हजार लोक लोटले होते. दोन्ही शहरांनीं दान स्वीकारलें, आणि पुढें त्याची काय गत झाली हें पाहणें उपदेशपर आहे. आरंभीं कर्जें गेलीं, कित्येक सुतार, लोहार, गवंडी त्यांवर उभे राहिले. पण हळूहळू कारखाने निघाले, उमेदवारीची जुनी पद्धत मोडत चालली, आणि पंचविशीच्या आंत लग्न होऊन दुकान काढणारा कारागीर मिळेनासा झाला. कोणी कर्ज बुडविलें, तें जामिनांच्या गळ्यांत आलें. मग जामीन राहण्यासही लोक कचरूं लागले. बॉस्टनच्या कारभाऱ्यांनीं पुष्कळसा पैसा एका भरंवशाच्या वित्तसंस्थेंत गुंतवून ठेविला, म्हणून तो वाढला. फिलाडेल्फियांत वसुलीकडे तितकें लक्ष राहिलें नाहीं. शंभर वर्षें पुरीं झालीं तेव्हां बॉस्टनचे सुमारें ३ लक्ष ९१ हजार डॉलर भरले, तर फिलाडेल्फियाचे सुमारें ९० हजारच. दोहींपैकीं कोणतीही रक्कम फ्रँकलिनच्या अंदाजास पोंचली नाहीं. फिलाडेल्फियांत तर त्याच्या वंशजांनींच हा निधि आपणांस मिळावा म्हणून दावा लावला. न्यायालयानें तो फेटाळला.

बॉस्टननें आपल्या हिश्शांतून कारागिरांसाठीं धंदेशिक्षणाची संस्था काढली. त्या कामीं अँड्र्यू कार्नेजी या दानशूर धनिकानें निधीइतक्याच रकमेची भर घातली, व १९०८ सालीं ती शाळा सुरू झाली. फिलाडेल्फियाचा हिस्सा फ्रँकलिनच्या नांवानें चाललेल्या विज्ञानसंस्थेस मिळाला. उरलेला पैसा पुन्हां व्याजावर लागला. दुसरें शतक १९९० सालीं संपलें, त्या वेळीं बॉस्टनकडे सुमारें ४५ ते ५० लक्ष डॉलर व फिलाडेल्फियाकडे सुमारें २० लक्ष डॉलर होते. या काळांत दोन महायुद्धें झालीं, बँका बुडाल्या. पण एका छापखानेवाल्यानें ठेवलेले ते दोन हजार पौंड नष्ट झाले नाहींत. बॉस्टनचा पैसा त्या धंदेशिक्षणाच्या संस्थेकडे वळला. फिलाडेल्फियानें आपल्या पैशाचा कांहीं भाग धंदा शिकूं इच्छिणाऱ्या तरुणांच्या शिष्यवृत्त्यांस लाविला.

मग फ्रँकलिनचा हिशेब चुकला असें म्हणावें काय? आंकड्यांपुरता तो चुकला. त्यानें घातलेल्या अटी त्याच्या काळास शोभणाऱ्या होत्या. काळ पुढें गेला आणि अटी मागें राहिल्या. दान करणाऱ्यानें हेतु स्पष्ट लिहावा, पण मार्ग मात्र पुढील पिढीच्या शहाणपणावर थोडासा सोंपवावा, हा एक धडा त्यांतून मिळतो. दुसरा धडा कारभाऱ्यांसाठीं आहे: दात्याची रक्कम दोन्ही ठिकाणीं सारखीच होती, फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या दक्षतेमुळें. परंतु मूळ हेतु मात्र फसला नाहीं. अज्ञात गरीब कारागिराच्या मुलास दोन मित्रांनीं जो हात दिला, तो हात दोनशें वर्षें पुढें पुढें जात राहिला, आणि ज्यांनीं फ्रँकलिनला पाहिलें नव्हतें अशा तरुणांस त्यानें वर उचललें.

पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, मृत्युपत्र हें कांहीं अशुभ काम नव्हे, आणि तें केवळ श्रीमंतांसाठींही नव्हे. फ्रँकलिननें प्रथम बहिणीची, मुलीची, नातवंडांची तरतूद केली व मग समाजाचा वांटा काढला. घरच्यांच्या तोंडचा घास काढून केलेलें दान हें दान नव्हे. पण घरच्यांचें पुरें करून उरलेल्यांतील एक लहानसा भाग ज्या शाळेनें, ज्या रुग्णालयानें, ज्या पुस्तकालयानें आपणांस वर आणलें त्याच्या नांवें लिहून ठेवणें बहुतेकांस शक्य असतें. तें शुद्ध बुद्धि असतांना, स्पष्ट शब्दांत, साक्षीदारांच्या समक्ष करावें, म्हणजे मागाहून तंटा उरत नाहीं.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्याजवळ आज देण्यास पौंड नाहींत, तसे सतराव्या वर्षीं फ्रँकलिनजवळही नव्हते. त्याच्याजवळ तीन भाकरी होत्या. त्यांतल्या दोन त्यानें दिल्या. तुम्हांस कोणीं आपलें पुस्तक वाचावयास दिलें असेल, कोणीं गणित समजावून सांगितलें असेल, कोणीं फीची अडचण दूर केली असेल. त्यांचीं नांवें विसरूं नका. त्यांस तें परत करण्याची संधि कदाचित् तुम्हांस मिळणार नाहीं. पण तुमच्या मागून या बांकांवर बसावयास येणारीं मुलें आहेत, आणि तें ऋण त्यांच्याकडे फेडतां येतें.